सिगिरियाचा राजा कश्यप: खरा किती, दंतकथेतला किती?

सांजवेळ

श्रीलंका सहलीत सिगिरिया बहुतेकांचं पाहून होतं. सपाट रानातून एकदम वर आलेला सुमारे १८० ते २०० मीटरचा कातळ, त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकातल्या राजवाड्याचे चौथरे, मधल्या कपारीत त्या जगप्रसिद्ध स्त्रिया. सगळं बघून खाली उतरेपर्यंत गाइडने राजाची गोष्ट उरकलेली असते. बापाला भिंतीत चिणून मारलं, भावाच्या धाकाने कड्यावर जाऊन राहिला, अठरा वर्षांनी भाऊ सैन्य घेऊन आला, हत्ती वळला, सैन्य पळालं आणि राजाने स्वतःचा गळा चिरला. संपलं.

माझं समाधान होत नाही. पायथ्याची बाग बघा. आखीव तळी, मधोमध वाट, दगडी चकत्यांना भोकं पाडून केलेली कारंजी, जी चांगला पाऊस झाला की आजही उडतात. नुसत्या भेदरलेल्या माणसाला हे सुचत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसरीकडे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी 'हाच रावणाचा महाल' म्हणून व्हिडिओ येतो.

इथे पाली साहित्य आणि इतिहास वाचणारी मंडळी आहेत. कश्यपाबद्दल नक्की काय माहीत आहे? आणि ते सांगितलं कोणी?

शेंगदाणा

खुर्ची पकडली. अपरान्त कुठे आहेत?

गुलबकावली

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. पायऱ्या हजाराच्या वर आहेत, सकाळी लवकर चढायला लागा. कड्यावर गांधीलमाश्यांची मोठी मोहोळं आहेत आणि शांत राहा अशा पाट्या जागोजागी लावल्या आहेत. मुलं तेवढाच अर्धा तास शांत होती. राजाबद्दल मलाही वाचायचंय.

अपरान्त

सांजवेळ, प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कश्यपाची सलग कथा आपल्याला एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे 'चूळवंस' हा पाली ग्रंथ. महावंस जिथे थांबतो तिथून तो पुढे चालू होतो. त्याचा हा भाग परंपरेने तेराव्या शतकातल्या धम्मकित्ति नावाच्या भिक्खूकडे जातो. कश्यपाचा काळ साधारण इ.स. ४७७ ते ४९५. म्हणजे लिहिणारा आणि राजा यांच्यात सातशे वर्षं आहेत. लिहिणाऱ्याच्या हाताशी जुन्या नोंदी असणारच, पण त्या विहारांतल्या नोंदी. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कश्यपाचा बाप धातुसेन. अनुराधपुरात, म्हणजे लंकेच्या तेव्हाच्या राजधानीत, दक्षिणेकडून आलेल्या राजांची सत्ता होती. सहा राजे एकामागून एक झाले. त्यांच्याशी लढून धातुसेनाने गादी परत मिळवली. त्याला वाढवलं एका भिक्खू मामाने, विहारात. दोन मुलगे: कश्यप हा कमी कुळातल्या राणीचा, मोग्गल्लान हा पट्टराणीचा. आणि एक मुलगी, जिवापाड लाडकी. ती भाच्याला दिली. तोच सेनापती, नाव मिगार.

या मिगाराने बायकोला काही दोष नसताना मांड्यांवर चाबकाने मारलं. तिचं रक्ताने माखलेलं वस्त्र राजाने पाहिलं, कारण विचारलं, आणि संतापाच्या भरात मिगाराच्या आईला विवस्त्र करून जाळलं. ही धातुसेनाची सख्खी बहीणच असणार, कारण मिगार त्याचा भाचा. त्या दिवसापासून मिगाराने वैर धरलं, कश्यपाच्या मनात राज्याचा लोभ पेरला, लोकांना फितवलं आणि राजाला जिवंत पकडलं. कश्यपाने छत्र धरलं. मोग्गल्लान लढायला उभा राहिला, पण फौज जमेना, म्हणून तो जंबुद्वीपात म्हणजे आपल्याकडे पळून आला.

पुढे मिगार कश्यपाला सारखं सांगू लागला, बापाने खजिना दडवलाय. कैदेतल्या राजाला विचारणा झाली. तो म्हणाला, मला कालवापीला घेऊन चला, दाखवतो. वाटेत रथ हाकणाऱ्याने त्याला आपल्या जवळचे भाजलेले दाणे दिले, ते त्याने आनंदाने खाल्ले. तलावावर पोचल्यावर राजा पाण्यात उतरला, मनसोक्त नाहला, पाणी प्याला आणि ओंजळ भरून म्हणाला, माझं सगळं धन ते एवढंच. मग मिगाराने त्याला बेड्या घालून, नागवं करून, पूर्वेकडे तोंड करून भिंतीत चिणलं आणि वरून माती लिंपली.

लक्षात घ्या, ग्रंथात चिणण्याचं काम मिगार करतो. हुकूम आणि पाप कश्यपाच्या नावावर आहे.

पाटकरी

अपरान्त, कालवापीवर थांबलात म्हणून राहवलं नाही. आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेलं माझं. सिगिरियाला सगळे जातात, तिथून जवळच असलेल्या काला वेवा तलावाकडे कोणी फिरकत नाही. तोच हा कालवापी.

बांध सहा किलोमीटरच्या आसपास लांब, मातीचा. इंग्रजांच्या काळात १८८०च्या दशकात त्याची दुरुस्ती झाली आणि आजही त्याच्या पाण्यावर भातशेती होते. त्यातून निघणारा कालवा, जय गंगा किंवा योद एल, सुमारे ८७ किलोमीटर वळणं घेत अनुराधपुरापर्यंत जातो. पहिल्या टप्प्यात त्याचा उतार मैलाला एक फूटही भरत नाही. दुर्बीण नाही, लेव्हल नाही, आणि इतका मंद उतार मैलोन्‌मैल राखायचा! शिवाय कालव्याला बांध फक्त खालच्या अंगाला आहे. वरचं अंग मोकळं ठेवलंय, म्हणजे चढावरून येणारं पावसाचं पाणी आपसूक कालव्यात उतरतं, आणि सखल जागी ते पसरून छोटी तळी होतात. पाणी वाहून नेताना वाटेत गोळाही करायचं. मी बांधावर उभा होतो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की हा माणूस आमच्या खात्याचा मूळपुरुष आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. राजा धातुसेन. "माझं धन ते एवढंच" हे वाक्य ज्याला कळलं नाही तो मुलगा कितीही रसिक असो, मला त्याचं कौतुक नाही.

मृण्मयी_क

पाटकरी काका, मनापासून लिहिलंत. पण मी कश्यपाच्या बाजूने उभी राहणार.

मी चित्रकार आहे आणि अजिंठ्यात बऱ्याचदा जाऊन बसले आहे. आपल्या अजिंठ्याचा दुसरा मोठा बहर वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला, साधारण पाचव्या शतकाचा तिसरा चरण. म्हणजे अजिंठ्याचे रंग जेमतेम वाळले असतील तेव्हा सिगिरियाच्या कड्यावर काम चालू झालं. दोन्हीकडचे चित्रकार एकच होते असं मी म्हणणार नाही. सिगिरियाचा हात वेगळा आहे. अजिंठ्याची रेषा संथ आणि विचारी, सिगिरियाची झपाट्याने मारलेली. काही ठिकाणी चित्रकाराने हाताची जागा बदललेली खालच्या रेषेवरून दिसते. तो उभा कुठे होता ते बघा म्हणजे त्या झपाट्याचं मोल कळेल.

या स्त्रिया कमरेपर्यंतच आहेत, खाली ढग. काही गोऱ्या, सोनेरी, काही सावळ्या. हातात फुलं, फुलांची तबकं. आज कपारीत विसेक उरल्या आहेत. कड्याच्या पश्चिम अंगाला कधीकाळी कितीतरी जास्त असणार. कोण आहेत त्या? ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ एच. सी. पी. बेल यांना त्या शेजारच्या पिदुरंगल विहाराकडे पूजेला निघालेल्या राण्या आणि दासी वाटल्या. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींना अप्सरा. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान म्हणाले, या मेघकन्या आणि विद्युत्कन्या, कारण कश्यपाने स्वतःला कुबेर म्हणून उभं केलं आणि हा कडा म्हणजे त्याची अलका, कुबेराची नगरी. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेले राजा डी सिल्वा तर म्हणतात की इथे राजवाडा नव्हताच, विहार होता, आणि ही चित्रं तारादेवीची.

मला परणवितान पटतात. चूळवंसातही कश्यपाने दुसऱ्या अलकमंदेसारखा वाडा बांधला आणि कुबेरासारखा तिथे राहिला असं म्हटलंय. रामटेकच्या टेकडीवर उभं राहून कालिदासाचा ढग उत्तरेला अलकेकडे पाठवायची सवय आपल्याला आहे. त्याच सुमारास दक्षिणेकडे एक राजा दगडाची अलका बांधत होता. हे घाबरलेल्या माणसाचं काम नाही.

शेंगदाणा

म्हणजे ढगाला पत्ता चुकीचा दिला असता तरी तो अलकेलाच पोचला असता.

राक्षसताल

कुबेराचं नाव आलं ते बरं झालं. लंका मुळात कुबेराची, त्याच्याकडून रावणाने घेतली, हे रामायणातच आहे. मग सिगिरिया रावणाचा नाही हे कशावरून? माथ्यावर विमान उतरायला सपाट जागा, एवढ्या उंचीवर पाणी. पाचव्या शतकात हे शक्य होतं असं तुम्ही खरंच मानता?

अपरान्त

राक्षसताल, हो, मानतो. पाटकरी काकांनी वर जो कालवा सांगितला तो त्याच काळातल्या, त्याच घराण्यातल्या माणसांनी खणला. ज्यांना तो उतार साधला त्यांना माथ्यावर कातळात टाकं खोदता येणार नाही? टाकं पावसाच्या पाण्याने भरतं. खाली बागेतली कारंजी निव्वळ उताराच्या दाबावर चालतात.

आणि सिगिरियाचे थर उकरले गेले आहेत. कड्याच्या पायथ्याच्या गुहांमध्ये ख्रिस्तपूर्व तिसऱ्या ते पहिल्या शतकाच्या सुमाराचे ब्राह्मी लेख आहेत. अमक्याने ही गुहा संघाला दिली, अशा साध्या दानाच्या ओळी. म्हणजे कश्यपाच्या आधी इथे भिक्खू राहत होते. अलिगल नावाच्या कपारीत तर अश्मयुगीन माणसाच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्यांच्यावर पाचव्या शतकाची बांधणी, आणि नंतर पुन्हा भिक्खू, तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत. या थरांमध्ये रावणाच्या राजधानीला जागा सापडत नाही. तुमच्या श्रद्धेला माझा विरोध नाही, पण या विटा कश्यपाच्या काळातल्या आहेत.

राक्षसताल

विटांचं मान्य. जागा त्याहून जुनी असू शकते एवढंच माझं म्हणणं. थांबतो.

संपादक मंडळ

रावणावर वेगळा धागा आहे, तिकडे अवश्य लिहा. इथे कश्यप चालू राहू द्या.

रेवती

मी गप्प वाचत होते, पण अपरान्त यांची पहिली पोस्ट पुन्हा वाचली आणि लिहावंसं वाटलं.

सगळे धातुसेन की कश्यप असा वाद घालत आहेत. या गोष्टीची सुरुवात कुठे होते? एका मुलीला नवऱ्याने विनाकारण चाबकाने मारलं तिथे. त्यावर बापाने काय केलं? मारणाऱ्याला हात लावला नाही. त्याच्या आईला जाळलं, जिचा काही संबंध नव्हता. मारणारा सेनापती राहिला, पुढे राज्य उलथवून नव्या राजाचाही सेनापती झाला. त्या मुलीचं पुढे काय झालं ते ग्रंथ सांगत नाही. अपरान्त, तिचं नाव तरी आहे का?

पाटकरी काका, तुमच्या धातुसेनाने बांधलेला कालवा मी नाकारत नाही. पण ज्या रागाने त्याने बहिणीला जाळलं त्याच रागाने पुढे त्याचा घास घेतला.

अपरान्त

कथेत ती 'राजाची मुलगी' म्हणूनच येते आणि वस्त्राच्या प्रसंगानंतर दिसत नाही. मिगाराच्या आईचंही तसंच. याउलट कश्यपाच्या मुलींची नावं आहेत, बोधी आणि उप्पलवण्णा. तो भाग सांगतो, कारण सांजवेळ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं.

गादीवर आल्यानंतर कश्यपाने जुना इस्सरसमण विहार वाढवला, जमिनी विकत घेऊन दिल्या आणि स्वतःच्या व दोन्ही मुलींच्या नावाने तो थेरवादी भिक्खूंना द्यायला गेला. त्यांनी घेतला नाही. पितृघातक्याचं दान घेतलं म्हणून लोक नावं ठेवतील. कश्यप अडून बसला, आणि मग त्याने तो विहार बुद्धाच्या मूर्तीला अर्पण केला. मूर्तीचा म्हणजे आपल्या गुरूचाच, असं म्हणून भिक्खू तिथे राहायला आले. कड्याजवळ दुसरा विहार बांधून तो त्याने धम्मरुची या भिक्खूंच्या दुसऱ्या पंथाला दिला. योजना-योजनाच्या अंतरावर आमराया लावल्या. उपोसथ म्हणजे व्रताचे दिवस पाळले, मैत्रीभावना केली, मूर्ती घडवल्या. एकदा एका बाईने आणलेला नारळ घातलेला, तुपाचा भात त्याला इतका आवडला की तसाच भात चीवरांसह सगळ्या भिक्खूंना वाढायला लावला. या सगळ्यामागे परलोकाची भीती होती, असं ग्रंथकार सांगतो.

म्हणजे नापसंती असणाऱ्यांनी लिहिलेल्या ग्रंथातही हे सगळं टिकून राहिलं. मला त्यामुळे ते जास्त खरं वाटतं.

गुलबकावली

नारळ घातलेला तुपाचा भात! श्रावणात वाचतेय म्हणून अजूनच. तिकडे आम्हाला किरीबत मिळाला होता, नारळाच्या दुधातला, वड्या पाडलेला. गोड नसतो, सोबत तिखट लुणु मिरिस. आमच्या सासूबाई मालवणच्या, त्यांना तिथे पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं.

पाटकरी

रेवतीताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो ग्रंथकाराच्याही मनात असावा. कारण धातुसेनाच्या मरणाचं जे कारण तो देतो, ते त्या बांधाशीच जोडलेलं आहे. कालवापीचं काम चालू असताना एक भिक्खू तिथे ध्यान लावून बसला होता. उठवता उठेना. धातुसेनाने त्याच्या डोक्यावर माती टाकायला लावली आणि बांध पुढे नेला. म्हणून शेवटी तोही मातीखाली गेला.

आपल्याकडे धरणाच्या भिंतीत, किल्ल्याच्या बुरुजात बळी दिल्याच्या कथा गावोगाव ऐकायला मिळतात. कामावर असताना मीही ऐकल्या. मोठ्या बांधकामाखाली कुणाचं तरी घर, शेत, कधी जीव गेलेला असतो, ते लोक विसरत नाहीत. ही भिक्खूची गोष्ट मला त्या जातीची वाटते. कालवा मोठा आहे आणि त्याखाली गाडलेला माणूसही खरा आहे. दोन्ही मी मानतो.

घाटवाट

किल्ल्यांवर भटकणारा म्हणून माझे दोन शब्द. भावाच्या भीतीने कड्यावर चढला ही गोष्ट किल्ला म्हणून तपासली तर अर्धवट टिकते.

टिकते ती अशी. पायथ्याला खंदक, तट, मग बाग, मग मोठमोठ्या शिळांचा टप्पा, मग कड्याच्या पोटातून एकच अरुंद वाट, मग सिंहाचं दार. १८९८ मध्ये बेल यांच्या खोदकामात त्या सिंहाचे दोन अवाढव्य पंजे मिळाले. पूर्वी पायऱ्या त्याच्या तोंडातून वर जात असाव्यात. माथ्यावर पाण्याची टाकी. एका शिळेखाली तर बारीक दगडांचे टेकू आहेत, शत्रू आला की टेकू काढायचे. हे सगळं लढाऊ डोक्याचं काम आहे.

टिकत नाही ती अशी. माथा दीडेक हेक्टरचा. तिथे मोठी शिबंदी ठेवता येत नाही, धान्य साठवून वर्ष काढता येत नाही. पश्चिमेची सगळी बाजू बाग आणि चित्रांनी सजवलेली, येणाऱ्याने मान वर करून बघत राहावं अशी. लपायचंय त्याला एवढं दिसायचं कशाला? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: भाऊ आल्यावर हा खाली का उतरला? गड असताना मैदानात?

अपरान्त

घाटवाट, ग्रंथात त्याचं उत्तर आहे, पटो न पटो. मोग्गल्लान बारा मित्र घेऊन जंबुद्वीपातून आल्याचं कळल्यावर कश्यप म्हणाला, त्याला धरून गिळून टाकतो. ज्योतिषांनी जमणार नाही म्हणून सांगितलं तरी निघाला. लढाईत त्याच्यासमोर दलदल आली. दुसऱ्या वाटेने जावं म्हणून त्याने हत्ती वळवला. सैन्याला वाटलं राजा मागे फिरला, आणि फळी फुटली. कश्यपाने कट्यारीने स्वतःचा गळा कापला, कट्यार वर उंचावली आणि परत म्यानात घातली. त्या कृतीवर मोग्गल्लान प्रसन्न झाला आणि त्याने भावाचे अंत्यविधी यथासांग केले.

गळा कापल्यावर कट्यार म्यान करणं शरीराला शक्य आहे का, हा प्रश्न वेगळा. पण हे दृश्य ज्याने लिहून ठेवलं त्याला कश्यप भित्रा वाटत नव्हता.

शेंगदाणा

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही असंच होतं. अध्यक्ष पाणी प्यायला उठले की सगळ्यांना वाटतं सभा संपली.

टोरांटोकर

माझा एक सहकारी मूळ कँडीजवळचा. त्याला हा धागा सांगितला तर खूश झाला. तो म्हणाला, आमच्याकडे एक कश्यप नाहीच. कोणी सांगतं सिगिरियाचं काम धातुसेनानेच सुरू केलं, मुलाने पुरं केलं. कोणी सांगतं तो मौजमजेतला राजा, कडा म्हणजे त्याचा रंगमहाल. मरणही वेगवेगळं, एका कथेत त्याच्या एका स्त्रीने विष घालून मारलं. शाळेत चूळवंसातलाच शिकवतात. त्याला स्वतःला मोग्गल्लान आवडत नाही. "जिंकल्यावर त्याने काय केलं ते वाचायला सांग त्यांना," म्हणाला. अपरान्त, काय केलं?

अपरान्त

राजधानी पुन्हा अनुराधपुराला नेली, कडा भिक्खूंना दिला. आणि कश्यपाच्या बाजूने राहिलेल्या मानकऱ्यांवर दात खाऊन तुटून पडला. हजाराच्या वर लोक मारले, काहींचे नाक-कान कापून हद्दपार केले. त्यावरून त्याला राक्षस म्हणू लागले, असं ग्रंथच सांगतो. पुढे धर्मोपदेश ऐकून शांत झाला.

राक्षसताल, तुम्हाला हवा तो राक्षस सिगिरियात मिळाला बघा.

राक्षसताल

पोचपावती देतो! हा मात्र मला ठाऊक नव्हता.

सांजवेळ

सगळ्यांचे किती आभार मानू. एक राहिलं, ते आरसा-भिंतीवरचे लेख. कोणी वाचलेत?

मृण्मयी_क

अनुवादातून वाचलेत, आणि मला ते चित्रांइतकेच प्रिय आहेत.

कड्याच्या कडेने विटांची भिंत आहे, वर चुन्याचा गिलावा घोटून इतका गुळगुळीत केलेला की समोरची चित्रं त्यात दिसावीत. राजधानी उठून गेल्यावर लोक चित्रं बघायला येऊ लागले आणि त्या भिंतीवर टोकदार काहीतरी घेऊन कविता कोरू लागले. मुख्यतः आठवं ते दहावं शतक. परणवितान यांनी त्यातले ६८५ लेख वाचून १९५६ साली प्रसिद्ध केले. जुन्या सिंहली भाषेचा तो केवढा तरी ठेवा आहे. लिहिणारे सगळ्या थरांतले: भिक्खू, सैनिक, अधिकारी, बायकाही. बहुतेकांची तक्रार एकच, एवढ्या लांबून आलो आणि या सुंदऱ्या एक शब्द बोलत नाहीत. एका बाईने मात्र लिहिलंय की ती हरिणाक्षी हातात मोत्यांचा सर धरून आमच्याशी बरोबरी करायला बघते, मला तिचा राग येतो.

सांजवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी या भिंतीवर शोधलं. मरून तीनेकशे वर्षं झालेल्या राजाकडे लोक कसे बघत होते? त्याच्या पापाचा उल्लेख जवळपास नाहीच. लोक बायकांबद्दल लिहितात, सिंहाबद्दल लिहितात, वाऱ्याबद्दल लिहितात. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी पितृघात लक्षात ठेवला, चढून आलेल्यांनी चित्रं लक्षात ठेवली.

१९६७ साली कोणीतरी या चित्रांवर रंग फासला. इटलीचे लुचिआनो मारांझी यांच्या मदतीने तो महत्प्रयासाने काढला गेला. आता फोटो काढू देत नाहीत, पहारेकरी असतात. फोटो काढू न दिल्याबद्दल इथे कोणी चिडू नका, कृपया.

घाटवाट

आपल्या गडांवर बदामात नावं कोरणाऱ्यांना हे वाचायला द्यायला हवं. कोरायचंच तर चार ओळींची कविता तरी जमली पाहिजे.

मृण्मयी_क

नाही हो, आता कविताही नको!

नालासोपारेकर

अवांतर, पण बेटावरच्या राजांचाच विषय आहे. महावंसात सिंहलांचा पहिला राजा विजय लंकेला पोचायच्या आधी जहाजातून कुठे उतरला माहीत आहे? सुप्पारक, म्हणजे आमचं सोपारा. त्याच्या माणसांनी दांडगाई केली म्हणून तिथून निघावं लागलं आणि मग ते लंकेला लागले. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला स्तूप आहे, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथेच मिळाले. दर रविवारी आम्ही काही जण तिथे जातो. आपल्या मुंबईकरांना तो लोकल स्टेशनपासून एवढा जवळ आहे हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मृण्मयी_क

यात भर घाला. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाची कथा अख्खी भिंतभर रंगवलेली आहे. व्यापारी सिंहल, राक्षसिणींचं बेट, घोड्याच्या पाठीवरून सुटका, मग हत्तींवरून स्वारी आणि राज्याभिषेक. म्हणजे सिगिरियाला कश्यप राज्य करायच्या थोडंसं आधी, वाघूर नदीच्या काठी त्याच बेटाच्या पहिल्या राजाची दंतकथा चितारली जात होती. विजयाची आणि सिंहलाची कथा वेगळी, पण दोन्हींतला राजा समुद्र ओलांडून येतो.

रेवती

आणि दोन्हींत आधीच तिथे असलेल्या स्त्रिया राक्षसिणी किंवा यक्षिणी ठरतात. विजयाची कुवेणी आठवा. त्याला राज्य मिळवून दिलं तिनेच, आणि राजकन्या आल्यावर तिला मुलांसह घालवून दिलं. तिच्यावर वेगळा धागा काढते.

पाटकरी

काढाच ताई.

सांजवेळ, पुढच्या वेळी गेलात तर एक दिवस काला वेवाला द्या. दंबुल्लाहून सोयीचं आहे. बांधावरून पायी जाता येतं. जवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती आहे, बारा मीटरहून उंच, अखंड कातळातून काढलेली, तीही परंपरेने धातुसेनाच्याच नावावर. ती सकाळच्या उन्हात बघा, तोंड पूर्वेला आहे. तिथून कालव्याच्या कडेकडेने जितकं जाता येईल तितकं जा, आणि मृण्मयीताईंनाही घेऊन जा. मला त्यांच्याकडून त्या कालव्याचं एक चित्र हवंय.

मृण्मयी_क

काका, तुम्ही बरोबर असाल तर नक्की काढते. उतार कसा साधला ते तिथे बसून समजावून सांगायचं मात्र तुम्ही.